घरचा संगणक जुळवितांना

मी गणिताचा मास्तर. जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा उतरलों आणि पुढील सारें आयुष्य वाळवें तालुक्यांतील शाळांच्या फळ्यापुढें गेलें. तेव्हां संगणकाच्या मदरबोर्डावर बोलण्याचा अधिकार मला कोणीं दिला, असें आपल्या मनांत येईल. अधिकार असा कांहीं नाहीं. एक चूक मात्र माझ्या पदरीं आहे, आणि तिच्याच आधारानें मी आज बोलणार आहें.

मदरबोर्डाला 'मातृफलक' म्हणावें असा मोह मला होतो. पण त्या नांवानें पेठेंत विचारणा केली तर दुकानदार देव्हाऱ्याचें सामान दाखवील! तेव्हां बोर्डच म्हणूं. घराला जसें जोतें, तसा संगणकाला हा बोर्ड. गणित करणारा प्रोसेसर, तात्पुरती आठवण ठेवणारी रॅम, वीज पुरविणारी एसएमपीएसची पेटी, या सर्वांची गांठ येथेंच पडते. आयबीएम कंपनीनें आपला पहिला पर्सनल काँप्युटर १९८१ सालीं बाजारांत आणला. पुढें १९९५ सालीं इंटेल कंपनीनें एटीएक्स या नांवाचें माप ठरविलें. पूर्ण मापाचा बोर्ड ३०५ मिलिमीटर लांब व २४४ मिलिमीटर रुंद, आणि त्याच्या भोकांच्या जागाही ठरलेल्या. म्हणूनच तैवानच्या कंपनीचा बोर्ड इस्लामपुरांत आणलेल्या कॅबिनेटांत बिनतक्रार बसतो.

माझी नात राजारामनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकते. दोन वर्षें शिकवण्या करून तिनें पैसे सांठविले आणि सुटे भाग आणविले. तयार संगणक घ्यावा असें माझें मत होतें. तें तिनें विनयानें बाजूला ठेवलें. एका रविवारीं आमच्या माजघरांतील मेजावर हा संसार मांडला गेला. उन्हाळ्याच्या कोरड्या दिवसांत अंगावर स्थिर वीज सांचते व ती नाजूक भागांना बाधते, म्हणून प्रथम लोखंडी खिडकीच्या गजाला हात लावावयाचा, हा तिचा नियम. मला तो सोवळ्यासारखा वाटला, पण पाळला.

बोर्ड कॅबिनेटाच्या पत्र्यावर सरळ टेकतां कामा नये. मधें पितळेच्या लहान खुंट्या असतात. त्यांवर बोर्ड ठेवून स्क्रू आंवळावयाचे. हें काम क्षुल्लक, म्हणून तें मीं घेतलें. प्रोसेसर बसविण्याचें काम तिचें. त्याच्या कोपऱ्यावरील त्रिकोणाची खूण व बोर्डावरील खूण जुळवून तो नुसता अलगद ठेवावयाचा असतो, दाबावयाचा नसतो. आमच्या बोर्डाच्या घरांत केंसासारख्या शेंकडों पिना होत्या. एक वांकली तरी घोटाळा. मग त्यावर उष्णतावाहक लेपाचा वाटाण्याएवढा ठिपका, आणि वर पंखा. रॅमच्या पट्टीला एक खांच असते, त्यामुळें ती उलटी बसतच नाहीं. टोंकाची खिटी टक् असा आवाज करून मिटेपर्यंत मात्र ती दाबावी. विजेच्या जोडण्या दोन : चोवीस पिनांची मोठी सर्वांना दिसते, प्रोसेसरजवळची आठ पिनांची बरेच जण विसरतात.

सर्व झाल्यावर बटण दाबलें. पंखा पाव फेरा फिरला आणि थांबला. पुन्हा दाबलें, पुन्हा तेंच.

"पिना वांकविल्यास तूं," मी म्हणालों. मास्तरकीची संवय, विचारण्यापूर्वींच निकाल! ती कांहींच बोलली नाहीं. दुकानदारास दूरध्वनि केला, तर तो म्हणाला कीं बोर्ड गेला असेल, आणि वांकलेल्या पिनांना वॉरंटी लागू होणार नाहीं. तिच्या दोन वर्षांच्या शिकवण्या त्या पत्र्याच्या पेटींत अडकून पडल्या होत्या. रात्रीं ती जेवली नाहीं.

सकाळीं उठून पाहतों तों तिनें सगळें उलगडून ठेवलेलें. बोर्ड ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून आला, त्याच खोक्यावर तो ठेवला होता. त्यावर प्रोसेसर, पंखा आणि रॅमची एकच पट्टी. ती मला म्हणाली, "आजोबा, पंखे फिरत राहून पडदा काळा राहिला असता, तर रॅम, आठ पिनांची जोडणी किंवा पडद्याची केबल पाहिली असती. येथें वीज येतांच पेटी स्वतः बंद होते. म्हणजे कोठें तरी वीज भलत्या वाटेनें जात आहे." बटणाच्या तारा ज्या दोन पिनांवर बसतात, त्यांना तिनें स्क्रूड्रायव्हरचें टोंक क्षणभर लावलें. पंखा फिरूं लागला आणि फिरतच राहिला. कांहीं वेळ पडदा काळा होता. नव्या डीडीआर-५ जातीची रॅम पहिल्या वेळीं आपली घडी बसविण्यास कांहीं मिनिटें घेते, आणि उतावळे लोक तेवढ्यांतच वीज तोडतात, असें तिनें सांगितलें. मग अक्षरें उमटलीं.

बोर्ड चांगला, पिना सरळ. बाहेर चालतो, आंत चालत नाहीं. उरलें तें कॅबिनेट. मीं बोर्डाचीं भोकें मोजलीं : नऊ. खुंट्या मोजल्या : दहा. कॅबिनेटाच्या पत्र्याला लहान बोर्डांकरितांही भोकें पाडलेलीं असतात. त्यांतल्या एकांत, पुडींतील खुंटी वाया जाऊं नये म्हणून, मीं ती घट्ट आंवळली होती. वर भोंक नव्हतें. ती बोर्डाच्या पाठीवरील डागाच्या टोंकांना टेकून वीज पत्र्यांत सोडीत होती. छत्तीस वर्षें मुलांना बेरीज शिकविणाऱ्यास नऊ आणि दहा यांतला फरक दिसला नव्हता.

मीं तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, "ती खुंटी टाकूं नका, आजोबा, पुडींत ठेवा. बोर्ड बदलला तर लागेल."

तेव्हांपासून शेजारपाजारचे आजारी संगणक आमच्या घरीं येतात. पावसाळ्यांत बहुतेकांचा रोग एकच : ओलीनें रॅमच्या पट्टीचे सोनेरी दांत मळतात. वीज काढून ते खोडरबरानें हलकेच पुसले कीं काम भागतें, आणि खोडरबर माझ्याकडे पुष्कळ आहेत. रोज तारीख मागें जात असेल, तर बोर्डावरील नाण्याएवढी तीन व्होल्टची, सीआर-२०३२ या नांवाची बॅटरी बदलावी. त्यासाठीं बोर्ड बदलण्याचें कारण नाहीं. कॅबिनेटाला हात लावतांच मुंग्या आल्यासारखें होत असेल, तर संगणकास दोष न देतां घराचें अर्थिंग तपासून घ्यावें. जुन्या वाड्यांतून तें पुष्कळदां नसतेंच. एसएमपीएसची पेटी मात्र घरीं कोणींही उघडूं नये. वायर काढल्यावरही तींत प्राणावर बेतेल इतकी वीज उरलेली असूं शकते.