शिकवणीला जाणारे मूल आणि आपला इंग्रजीचा तास

(केंद्राच्या शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



इंग्रजीच्या खासगी शिकवण्या आता खेड्यापाड्यांतूनही सुरू झाल्या आहेत. त्यांविषयी आपण सर्वांनी शांतपणे विचार करावा, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

२००० साली महाराष्ट्र शासनाने सर्व शाळांतून पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. आपले मूल इंग्रजी वाचू-लिहू लागावे ही आकांक्षा आज मोलमजुरी करणाऱ्या पालकाच्याही मनात आहे. त्यासाठी तो पोटाला चिमटा घेतो व मुलाला शिकवणीस धाडतो. त्याला दोष कोण देईल? परंतु ज्याला तेही परवडत नाही, त्याचे मूल मागे पडते, आणि एकाच वर्गात पंक्तिप्रपंच सुरू होतो.

शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याचे कलम २८ आपणांस ठाऊक आहे; त्याने शिक्षकास खासगी शिकवणी करण्याची मनाई केली आहे. त्याच कायद्याच्या कलम २४ कडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत अजमावून त्यास लागेल तेवढे जादा शिक्षण द्यावे, हे त्या कलमाने शिक्षकाचे कर्तव्य ठरविले आहे. म्हणजे पालक जे पैसे देऊन विकत घेतो, ते शाळेत विनामूल्य मिळणे हा त्याच्या मुलाचा हक्कच आहे.

आता शिकवणीत काय घडते ते पाहू. शाळाभेटीत शिकवणीचे मूल ‘सी-ए-टी कॅट’ असे घडाघडा म्हणून दाखविते. त्याच्यापुढे ‘सॅट’ हा न शिकविलेला शब्द ठेवला की ते थबकते. यात मुलाच्या बुद्धीचा दोष नाही. मराठीत अक्षराचे नाव तोच त्याचा ध्वनी असतो. इंग्रजीत तसे नाही. ‘सी’, ‘ए’, ‘टी’ ही नावे जोडून ‘कॅट’ कधीच होत नाही. शिकवणीत व शाळेतही आपण नावे पाठ करून घेतो आणि ध्वनी शिकवावयाचे विसरतो. मग प्रत्येक शब्द पाठ करण्याशिवाय मुलास गत्यंतर उरत नाही.

म्हणून आरंभ ध्वनींपासून करावा. एस, ए, टी, पी, आय, एन या सहा अक्षरांचे स्, ॲ, ट्, प्, इ, न् हे ध्वनी आधी पक्के करावेत. एवढ्यावर मूल पॅन, टॅप, पिन, टिन, सिट असे कितीतरी शब्द स्वतः जुळवून वाचू शकते. ज्यास मराठी जोडून वाचता येते, त्याला ही रीत परकी वाटत नाही. ‘वन’ किंवा ‘सेड’ यांसारखे नियमात न बसणारे शब्द मागाहून, थोडेथोडे, ओळखीने शिकवावेत.

पाठ्यपुस्तकातील इंग्रजी शब्दांखाली देवनागरीत उच्चार लिहून देण्याची प्रथा बहुतेक ठिकाणी आढळते. ती कृपा करून सोडावी. मुलाची नजर आपल्या ओळखीच्या अक्षरांवर जाते, व ते इंग्रजी न वाचता मराठीच वाचते.

लेखनातही असाच एक बारकावा आहे. देवनागरी अक्षर रेघेला टांगलेले असते. इंग्रजी अक्षर रेघेवर बसते. हा भेद न सांगताच चार रेघी वही हाती दिली, तर अक्षरे रेघा सोडून वरखाली जातात. लहान ‘बी’ व लहान ‘डी’ यांचा घोटाळा तर नेहमीचाच. ही दोन अक्षरे एकाच दिवशी शिकवू नयेत. एक हातात बसल्यावर दुसरे घ्यावे.

शिकवणीत एक गुण अवश्य आहे. तेथे मुलाला कोणीतरी जवळ बसवून घेतो. तो गुण आपण उचलावा. वर्गात तीस मुले असली, तरी रोज पाच मुलांचे वाचन प्रत्येकी दोन मिनिटे ऐकल्यास सहा दिवसांत सर्वांची पाळी येते. दहा मिनिटांचे हे काम आहे. कोण कोठे अडले, ते वहीत टिपून ठेवावे, व दुसऱ्या आठवड्यात तेथूनच पुढे न्यावे.

‘आमचेच इंग्रजी कच्चे आहे’, असे काही बंधू संकोचाने म्हणतात. या कामास अस्खलित संभाषण लागत नाही. उद्याच्या पाठातील शब्दांचे ध्वनी आज स्वतः मोठ्याने म्हणून पाहावेत, शंका आल्यास शेजारच्या शाळेतील जाणत्यास विचारावे. शिक्षकाने शिकत राहण्यात कमीपणा कसला?

शिकवण्या बंद पाडण्याचे फर्मान काढणे आपल्या हाती नाही, आणि त्याची गरजही नाही. ज्या मुलाला शाळेत वाचता येऊ लागले, त्याच्या पालकाला शिकवणीचा खर्च आपोआपच अनावश्यक वाटेल. त्या दृष्टीने येत्या सोमवारपासून पहिली पाच मुले जवळ बोलवावीत, एवढीच माझी आपणांस विनंती आहे.