फ्रिजच्या पाठीमागची हवा



फ्रिज थंडी तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, आणि त्या हमालीसाठी लागलेली वीजही शेवटी उष्णता होऊन त्याच्याच पाठीतून बाहेर पडते. ही उष्णता निघून गेली नाही, तर काय होतं? यंत्राची कमाल कार्यक्षमता सांगणारं कार्नोचं सूत्र घ्या. फ्रीजर उणे १८ अंशांवर आणि उष्णता बाहेर टाकणारी मागची जाळी ४० अंशांवर असेल, तर एक युनिट विजेत फार तर ४.४ युनिट उष्णता उचलता येते. जाळी ५० अंशांवर गेली की ३.७५. तेवढ्याच थंडाव्याला साधारण १७ टक्के वीज जास्त. प्रत्यक्षातला फ्रिज या आकड्यांच्या बराच खाली असतो, पण कल हाच.

आपल्याकडे पुण्या-मुंबईत फ्रिज मोकळा उभा असतो. भिंतीला चिकटवलेला, वर झालरीचं कव्हर, कव्हरावर औषधांचे डबे. तरी बाजूंनी हवा मिळते. हल्ली पुष्कळ फ्रिजांची जाळी बाजूच्या पत्र्याआड असते. तो पत्रा कोमट लागला म्हणून मेकॅनिक बोलावू नका, मात्र कव्हराची झालर त्यावर लोंबू देऊ नका.

इथे जर्मनीत गोष्ट वेगळी. घर बऱ्याचदा स्वयंपाकघराविनाच भाड्याने मिळतं. आधीचा भाडेकरू ओटा, कपाटं, फ्रिज तुम्हाला विकून जातो, नाहीतर सगळं उचकटून नेतो. आणि फ्रिज असतो कपाटाच्या दाराआड. अशा फ्रिजची हवा खाली, कपाटाच्या पायथ्याच्या पट्टीतल्या जाळीतून आत शिरते, पाठीमागून तापत वर चढते आणि कपाटाच्या माथ्यावरून निसटते. खाली आत यायला आणि वर बाहेर जायला निदान २०० चौरस सेंटीमीटर मोकळी जागा हवी, असं बहुतेक माहितीपुस्तिका सांगतात. म्हणजे साधारण २० बाय १० सेंटीमीटरची खिडकी. यंत्र चांगलं असतं, फसते ती सुतारकी. पायथ्याची पट्टी बदलताना सरळ अखंड फळी ठोकलेली असते, किंवा मागची पोकळी मधल्या फळीने बंद झालेली असते. आणि माथ्यावर? भारतवारीच्या रिकाम्या बॅगा. छतापर्यंत रचलेल्या. त्या आधी उतरवा.

फ्रिजच्या आतल्या माहितीपट्टीवर एसएन, एन, एसटी, टी यांपैकी अक्षरं असतात. एन म्हणजे भोवतालची हवा १६ ते ३२ अंश असेल, असं धरून बनवलेला. टी ४३ अंशांपर्यंतचा. खोलीत २२ अंश आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. कोंडलेल्या कपाटातल्या फ्रिजची खोली म्हणजे त्याच्या पाठीमागची ती अरुंद पोकळी, आणि तिथलं तापमान वेगळंच असतं. मग कॉम्प्रेसर थांबत नाही आणि उन्हाळ्यात दूध लवकर नासतं. शिवाय आपण गरम आमटीचं पातेलं तसंच आत ठेवतो, तो भार वेगळाच.

हवा खेळती ठेवायला आणखी एक कारण आहे. आजच्या घरगुती फ्रिजांत बहुधा आयसोब्युटेन वायू असतो. हायड्रोकार्बन वायूंवर चालणारा फ्रिज बाजारात आणण्याचं काम १९९३च्या सुमाराला सॅक्सनीतल्या शार्फेनश्टाइनच्या कारखान्याने, फोरॉनने, ग्रीनपीसच्या साथीने केलं. ओझोनला हा वायू अपाय करत नाही, पण गळून साचला तर पेट घेऊ शकतो. फ्रिजमध्ये तो असतो दोन आकडी ग्रॅम. दर ८ ग्रॅमला खोलीत निदान एक घनमीटर जागा असावी, असा दंडक आहे. म्हणून सामानाच्या कोंदट खोलीत दुसरा फ्रिज ठेवायचा विचार असेल, तर माहितीपट्टीवरचे ग्रॅम वाचा आणि खोली मोजा. बर्फ सुरीने खरवडून नळीला भोक पाडू नका, हेही याचसाठी.

तपासणी सोपी आहे. कॉम्प्रेसर बराच वेळ चालू असताना कपाटाच्या माथ्यावर, मागच्या फटीपाशी हात धरा. कोमट वारा लागला पाहिजे. नाही लागला, तर पायथ्याची पट्टी काढा. ती बहुधा खटक्यांवर बसवलेली असते. धूळ व्हॅक्यूम क्लीनरने ओढा, पट्टीत हवेची जाळी नसेल तर बसवून घ्या. आणि जुन्या भाडेकरूकडून स्वयंपाकघर विकत घेणार असाल, तर हा हात पैसे ठरायच्या आधी धरा.