भंगारातील शिशाची ओळख आणि महाविद्यालयीन प्रयोगशाळा

रसायनशास्त्राच्या अध्यापकांच्या या परिषदेसमोर अध्यक्षीय विवेचनासाठी निवडलेला विषय सभागृहापेक्षा भंगाराच्या दुकानाच्या अधिक जवळचा आहे, आणि तो तसा निवडण्यामागे निश्चित कारण आहे. परभणी, पूर्णा, गंगाखेड, जिंतूर, सेलू अशा प्रत्येक बाजारपेठेत ट्रॅक्टरच्या, दुचाकीच्या व इन्व्हर्टरच्या निकामी बॅटऱ्या काट्यावर मोजून घेतल्या जातात, आणि त्यांच्यासोबत जुन्या केबलची आवरणे, चाकांचा तोल साधण्यासाठी लावलेली वजने, डाग देण्याच्या सळ्या आणि बंद पडलेल्या छापखान्यांचे खिळे हे सारे ‘शिसे’ या एकाच नावाखाली जमा होते. वास्तविक या ढिगातील पदार्थ एक नसून अनेक आहेत. शिशात अँटिमनी, कथील, कॅल्शियम, आर्सेनिक यांपैकी काय आणि किती मिसळले आहे यावर त्याचा कठीणपणा, त्याचा वितळबिंदू, त्याचा उपयोग आणि त्याचा धोका अवलंबून असतो, आणि हे ओळखण्याची विद्या जिल्ह्यातील प्रत्येक विज्ञान महाविद्यालयात पूर्वीपासून शिकवली जात आहे.

शुद्ध शिसे नखाने ओरखडता येते, त्याची घनता ११.३४ असते आणि ते ३२७ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. अशा मऊ धातूचे खिळे छापखान्यात टिकले नसते. म्हणून टंकओतकामात शिशाबरोबर अँटिमनी व कथील घेतले गेले. अँटिमनीने धातू कठीण होतो आणि थिजताना फारसा आकसत नाही, तर कथिलामुळे तो साच्याच्या बारीक रेषांत नीट उतरतो. जावजी दादाजी यांनी मुंबईत १८६९ साली सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याच्या देवनागरी खिळ्यांची जी कीर्ती झाली, तिच्यामागे अक्षरे कोरणाऱ्या कारागिरांच्या हाताइतकाच या मिश्रधातूचाही वाटा होता. ओळीच्या ओळी ओतणाऱ्या लायनोटाइप यंत्राच्या धातूत साधारणपणे ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी व ४ टक्के कथील असे. हे प्रमाण योगायोगाने ठरलेले नव्हते, कारण या प्रमाणात तिन्ही धातू २४० अंशांच्या सुमारास जवळजवळ एकदम वितळतात व एकदम थिजतात. ठरावीक प्रमाणामुळे एकाच तापमानाला एकदम वितळणाऱ्या व थिजणाऱ्या अशा मिश्रणाला सुद्रावी मिश्रण म्हणतात. ऑफसेट छपाई आल्यावर तालुक्याच्या गावांतील ट्रेडल यंत्रे थांबली आणि मराठीची ही खिळ्यांची संपत्ती किलोच्या भावाने भंगारात गेली. तिच्यातील कथील व अँटिमनी यांची किंमत विकणाऱ्याच्या पदरात बहुधा पडली नाही, ही गोष्ट खेदाने नोंदवावी लागते.

हीच विद्या शस्त्रांच्या इतिहासातही दिसते. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईच्या काळातील बंदुकीला मऊ शिशाची गोळी चालत असे, परंतु पुढे नळीच्या आत पीळ काढलेल्या रायफली आल्यावर मऊ शिसे त्या पिळात चिकटून राहू लागले, म्हणून गोळीच्या शिशात कथील किंवा अँटिमनी मिसळून ते कठीण केले जाऊ लागले. पाश्चात्त्य देशांतील हौशी नेमबाज आजही भंगारातील शिसे पारखून गोळ्या ओततात. भारतात मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार दारूगोळा तयार करण्यास परवाना लागतो, त्यामुळे येथे या पारखीचे क्षेत्र बॅटरी, ओतकाम व सार्वजनिक आरोग्य हेच आहे.

पारखीचे पहिले साधन प्रत्येक शाळेत आहे, आणि ते म्हणजे तराजू व पाण्याचे भांडे. तुकडा स्वच्छ करून, चिकटलेले हवेचे बुडबुडे झटकून, दोऱ्याने पाण्यात टांगून तोलला असता त्याचे वजन जितके घटते तितके त्याचे आकारमान असते. ५०० ग्रॅम शुद्ध शिशाचे वजन पाण्यात ४४.१ ग्रॅमने घटते, तीन टक्के अँटिमनी असलेल्या शिशाचे ४५.० ग्रॅमने, लायनोटाइप धातूचे ४८.७ ग्रॅमने, आणि हल्ली चाकांच्या वजनांत आढळणाऱ्या जस्ताचे तर तब्बल ७० ग्रॅमने घटते. एक दशांश ग्रॅम दाखवणारा काटा हा भेद सहज पकडतो. तथापि या रीतीची मर्यादा विद्यार्थ्यांना त्याच वेळी दाखवली पाहिजे, कारण चार टक्के अँटिमनीचे शिसे आणि पाच टक्के कथिलाचे शिसे यांची घनता जवळपास सारखीच येते, आणि येथून पुढे तराजू मुका होतो.

तेथे गुणात्मक विश्लेषण कामाला येते. कानशीने काढलेला भुगा तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात थोडे नायट्रिक आम्ल घालून विरघळवावा, नायट्रिकचा अंश उकळून घालवावा, आणि थंड झाल्यावर खाली बसणारे पांढरे लेड क्लोराइड गाळून घ्यावे. उरलेल्या द्रावात स्वच्छ लोखंडी खिळा ठेवला असता अँटिमनी काळ्या कणांच्या रूपाने वेगळे होते, कथील मात्र द्रावातच राहते आणि मर्क्युरिक क्लोराइडचे थेंब टाकताच पांढरा, पुढे करडा होत जाणारा साका देते. या क्रियेत विषारी वायू निघण्याची शक्यता असल्याने ती धूर ओढून घेणाऱ्या कपाटातच केली पाहिजे. प्रात्यक्षिक परीक्षेत दिले जाणारे ‘अज्ञात’ क्षार प्रयोगशाळेतच मिसळलेले असतात आणि त्यांचे उत्तर कोणाच्या तरी वहीत आधीच लिहिलेले असते. भंगारातील तुकड्याचे उत्तर मात्र कोणत्याही वहीत नसते, आणि विश्लेषणाचे खरे शिक्षण तेथेच होते.

या ओळखीवाचून माणसे मरू शकतात, म्हणून ती केवळ शैक्षणिक बाब राहत नाही. जुन्या धाटणीच्या व नळीदार प्लेटच्या बॅटऱ्यांत अँटिमनीयुक्त शिसे असते, कित्येकदा त्यात आर्सेनिकही असते, तर पाणी न घालाव्या लागणाऱ्या नव्या बॅटऱ्यांत सुमारे ०.१ टक्का कॅल्शियम असलेले शिसे वापरतात. दोन्ही एकाच कढईत वितळवल्यास कॅल्शियम हे अँटिमनी व आर्सेनिक यांच्याशी संयोग पावून मळीत वर येते, आणि त्या मळीला ओल लागली की स्टिबाइन व आर्साइन हे अत्यंत विषारी वायू सुटतात. विझवण्यासाठी मळीवर पाणी टाकणे हे त्यामुळे प्राणावर बेतणारे कृत्य ठरते. शिशाची धूळ व धूर मुलांच्या मेंदूवर कायमचा परिणाम करतात आणि त्यांची सुरक्षित अशी कोणतीही मात्रा ज्ञात नाही. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ अन्वये वापरलेल्या बॅटऱ्या नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच गेल्या पाहिजेत. घराच्या अंगणातील भट्टीला कायद्यात जागा नाही.

घटकांच्या ओळखीतून काढलेल्या निष्कर्षालाही मर्यादा असतात, हे अमेरिकेतील एका उदाहरणावरून ध्यानात येते. तेथील एफबीआय ही तपास संस्था अनेक दशके गोळीतील शिशाच्या अल्पघटकांवरून ती संशयिताच्या खोक्यातील गोळ्यांशी जोडत असे. एकाच ओतातून असंख्य गोळ्या निघतात व त्या दूरवर विखुरतात, त्यामुळे असा मेळ पुराव्याइतका भक्कम नाही, असे राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००४ साली दाखवून दिले आणि पुढच्याच वर्षी ती तपासणी बंद झाली. मोजणी अचूक होती, अनुमान चुकीचे होते.

तेव्हा जिल्ह्यातील प्रत्येक विज्ञान महाविद्यालयाने घटक माहीत असलेल्या शिशाच्या तुकड्यांचा एक संदर्भसंच तयार करावा, तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून भंगार व्यावसायिकांनी आणलेले नमुने विनाशुल्क तपासून द्यावेत, आणि निकालाच्या चिठ्ठीवर ‘हे शिसे घरी वितळवू नये, नोंदणीकृत केंद्राकडे द्यावे’ ही सूचना मराठीत व उर्दूत छापावी, अशी या व्यासपीठावरून सर्व प्राचार्यांना व अध्यापकांना कळकळीची विनंती आहे.