बावखल आणि वाडी
(ज्युबिलीच्या सभेंत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या निमित्तानें देवळामागील बावखल बुजवून तेथें मोटारींकरितां जागा करावी, अशी सूचना आम्हांकडे आली आहे. सूचना करणाऱ्यांचा हेतु चांगला आहे, ह्याविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु आपल्या वसईंत बावखल म्हणजे निव्वळ खड्डा नव्हे. पूर्वजांनीं तें खणलें, त्यांत पावसाचें गोडें पाणी सांठविलें व रहाटानें तें पानवेलीस आणि केळींस पाजलें. तेंच पाणी मुरून आपल्या विहिरींस येतें. समुद्र इतका जवळ असतां खारें पाणी आंत सरकूं नये, म्हणूनही तें हवें.

शिवाय त्याच्या कांठीं जे जीव राहतात, ते वाडीचे बिनपगारी गडी होत. बेडूक किडे खातो. त्याचे पाय परदेशीं पाठविण्याचा व्यापार इतका माजला कीं, १९८७ सालीं सरकारास त्यावर बंदी घालावी लागली. चतुराचीं पिलें पाण्यांत डांसांच्या अळ्या खातात. (बावखलामुळें डांस होतात म्हणणाऱ्यांनीं तेथें कचरा कोण टाकतो तेंही पाहावें.) सुगरण पाण्यावर झुकलेल्या झावळीस खोपा बांधते व पिलांस किडे चारते. विषारी फवाऱ्यानें किडीबरोबर हे गडीही मरतात, अथवा उपाशी निघून जातात. आणि परत येते ती अगोदर कीडच.

मातीचेंही तसेंच. सर आल्बर्ट हॉवर्ड ह्यांनीं १९२४ ते १९३१ ह्या काळांत इंदूर येथें पालापाचोळा, शेण, राख व माती थरांनीं रचून सुमारें तीन महिन्यांत खत करण्याची रीत बसविली. येथील शेतकरी व पिकावरील कीड ह्यांस ते आपले गुरु मानीत. डार्विननें तर १८८१ सालीं गांडुळांवर अख्खा ग्रंथ लिहिला. आपण मात्र केळीचीं वाळलेलीं पानें जाळतों!

सर्वांनीं एकदम रासायनिक खत सोडावें, असें आम्ही म्हणत नाहीं. पहिलीं दोन-तीन वर्षें पीक घटूं शकतें, आणि कर्ज असलेल्या घरास तें सोसत नाहीं. एका कोपऱ्यापासून आरंभ करावा. उत्पत्तीच्या पुस्तकांत देवानें मनुष्यास बागेंत ठेविलें, तें मशागत व राखण अशा दोन्ही कामांसाठीं. पोप फ्रान्सिस ह्यांनीं २०१५ सालच्या 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकांत ह्याच वचनाकडे लक्ष वेधलें आहे. राखण म्हणजे काय, हें वाडीवाल्यास आम्हीं काय सांगावें?

येत्या रविवारीं दुसऱ्या मिस्सानंतर, पाऊस लागण्यापूर्वीं, बावखलांतील गाळ काढण्यास आरंभ होईल. ज्यास वाडीकरितां गाळ हवा त्यानें तो न्यावा. घमेलीं मात्र घरून आणावीं. मोटारी तूर्त शाळेच्या मैदानांत उभ्या राहतील.