हॅकेथॉन : नवशिक्यांनी शोध कसा घ्यावा, सिद्धता कशी करावी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



गुणवत्ता यादीत झळकलेल्या मुलांचा सत्कार आपण दरवर्षी करतो व ते उचितच आहे. परंतु आज आम्हांस ज्यांच्याविषयी बोलावयाचे आहे, ती मुले त्या यादीत असतीलच असे नाही. संगणकशास्त्राच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात शिकणारी, थोडाफार कोड लिहू लागलेली, पण हॅकेथॉनचे नाव काढताच 'ते हुशार मुलांचे काम' म्हणून मागे सरणारी मुले आपल्या घराघरांत आहेत. हे मागे सरणे आम्हांस परीक्षेतील अपयशाहूनही अधिक खेदाचे वाटते. कारण परीक्षा पुन्हा देता येते, पण विद्यार्थिदशेत मिळणारी ही मोकळीक पुढे नोकरीत मिळत नाही.

या शब्दाने वडीलधारी मंडळी बिचकतात. वर्तमानपत्रांतला हॅकर बँकेतील पैसे लांबवीत असतो. तेव्हा नातू हॅकेथॉनला निघाला असे ऐकून आजोबांनी चष्मा सरसावला तर नवल नाही! येथे 'हॅक' म्हणजे केवळ युक्तीने साधलेली जुळणी. तिला मॅरेथॉनचे शेपूट जोडले आहे. १९९९ च्या जून महिन्यात कॅनडातील कॅल्गरी येथे ओपनबीएसडी या संगणकप्रणालीची मोजकी मंडळी एकत्र बसून काम करण्यास जमली, त्या मेळाव्यास हे नाव मिळाले. आज त्याचे रूढ रूप असे : तीन-चार किंवा पाच-सहा जणांचा संघ, चोवीस ते छत्तीस तासांची मुदत, आणि अखेरीस परीक्षकांपुढे चालती वस्तू दाखविणे.

शोधाचा आरंभ आपल्याच महाविद्यालयातून करावा. केंद्र सरकारची 'स्मार्ट इंडिया हॅकेथॉन' २०१७ साली सुरू झाली. तीत मंत्रालये व उद्योगसंस्था आपापल्या अडचणी मांडतात आणि विद्यार्थ्यांचे सहा जणांचे संघ त्यांवर उपाय शोधतात. राष्ट्रीय फेरीचे नाव ऐकून दडपून जाण्याचे कारण नाही, कारण निवड महाविद्यालयातील अंतर्गत फेरीपासून होते. नवशिक्याला ती फेरी हीच खरी शाळा. 'नासा'ची स्पेस अ‍ॅप्स चॅलेंज २०१२ पासून जगातील अनेक शहरांत भरते. तीस शुल्क नाही. परदेशी शिकणाऱ्या आपल्या मुलांनी २०१३ साली स्थापन झालेल्या 'मेजर लीग हॅकिंग'चा विद्यार्थी-कार्यक्रम पाहावा. डेव्हफोलिओ, डेव्हपोस्ट, अनस्टॉप येथे इतर सूचना सापडतात.

पण सूचना सापडणे निराळे आणि ती आपल्यासाठी आहे की नाही हे ओळखणे निराळे. कार्यक्रमपत्रिकेत पहिल्या तासांत शिकवणीचे वर्ग आहेत काय, अडल्यास विचारावयास मार्गदर्शक असतात काय, एकट्याने आलेल्यास संघ मिळवून देतात काय, नवोदितांसाठी वेगळे पारितोषिक आहे काय, एवढे पाहावे. जेथे भरमसाट प्रवेशशुल्क आहे आणि जाहिरातीत प्रमाणपत्राखेरीज काही सांगण्यासारखे नाही, तेथे पालकांनी पाकीट खिशातच ठेवावे. तयार झालेल्या वस्तूवर मालकी कोणाची, हे नियमांत वाचल्याशिवाय सही करू नये.

आता सिद्धतेकडे वळू. वस्तू आधीच बनवून नेणे बहुतेक ठिकाणी निषिद्ध असते. परंतु हात तयार करून नेण्यास कोणाचीच आडकाठी नाही. संघातील प्रत्येकाने गिट वापरून एकमेकांचा कोड जुळविण्याचा सराव घरी करावा. हॅकेथॉनमधील पहाटेचे तीन वाजता दोघांनी एकच फाईल बदललेली असते, व तो गुंता सोडविण्यात जे तास जातात ते कोणी परत देत नाही. एखादे कोरे पान इंटरनेटवर चढवून पाहावे, एक लहानसा माहितीसाठा जोडून पाहावा. ही वाट एकदा तुडविलेली असली म्हणजे ऐनवेळी फक्त कल्पनेकडे लक्ष देता येते.

कल्पना मात्र लहान घ्यावी. संपूर्ण रुग्णालयाचा कारभार संगणकावर आणण्याची प्रतिज्ञा करणारे संघ आम्ही पुष्कळ पाहिले. अखेरीस त्यांच्याजवळ सुंदर लॉगिनचा पडदा तेवढा उरतो. त्याऐवजी आजीच्या औषधांच्या वेळा मराठीत बोलून सांगणारे लहानसे साधन करावे. कृत्रिम बुद्धिमत्तेचे साहाय्य आता सर्वांच्या हाताशी आहे. नियम अनुमती देत असल्यास ते अवश्य घ्यावे, पण लिहून मिळालेल्या कोडची प्रत्येक ओळ समजून घ्यावी. 'हे असे का केले?' या परीक्षकांच्या पहिल्याच प्रश्नाला यंत्र उत्तर द्यावयास येत नाही. शेवटचे तीन तास नवीन काही न जोडता केवळ सादरीकरणासाठी राखावेत, आणि सभागृहातील जाळे ऐनवेळी बंद पडते असे गृहीत धरून चालत्या वस्तूचे चित्रीकरण जवळ ठेवावे. रात्री दोन-तीन तास झोप घ्यावीच. डबा न्यावा.

मुलींविषयी थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. स्मार्ट इंडियाच्या संघात किमान एक विद्यार्थिनी असलीच पाहिजे असा नियम आहे. नियम चांगला, पण त्याचा परिणाम पुष्कळदा असा होतो की, संख्या भरण्यापुरते मुलीचे नाव घालतात आणि तिच्याकडे केवळ सादरीकरणाची पाने सजविण्याचे काम देतात. आपल्या मुलींनी संघात शिरण्यापूर्वीच 'कोणता भाग मी लिहिणार?' हे विचारून घ्यावे. आणि रात्री मुक्काम असल्यामुळे पालकच जेव्हा तिला अडवितात, तेव्हा त्यांनी नकारापूर्वी आयोजकांना दूरध्वनी करून राहण्याची व्यवस्था, सोबत कोण अध्यापिका आहेत, बाहेर जाण्याचे नियम काय, हे विचारावे. उत्तर समाधानकारक मिळाले तर तिला जाऊ द्यावे. न मिळाले तर मुलालाही तेथे धाडू नये.

मंडळाच्या चिटणीसांकडे आमची एक मागणी आहे. सभागृह रविवारी बहुधा रिकामे असते. दिवाळीच्या सुटीतील एक रविवार, सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठ-दहा मुलामुलींच्या सरावासाठी द्यावा. वीज, इंटरनेट आणि चहा एवढाच खर्च. विषय मंडळानेच द्यावा : आपल्या सभासदांची वह्यांत अडकलेली यादी शोधण्याजोगी करणे. ते काम तीस वर्षे तसेच पडून आहे.