व्यवसाय : शेती

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज बैठकीपुढे एक यादी आली आहे. आपण जिल्ह्यात जी संस्था नोंदवणार आहोत, तिच्या कार्यकारी मंडळाच्या अकरा नावांची ही यादी. संस्थेची कामे गेल्या बैठकीत ठरली. जमीन-पाण्याची कामे, ज्वारी-कपाशीच्या वाणांच्या आपल्याच शेतात चाचण्या आणि पीकविम्याच्या तक्रारींचा पाठपुरावा. त्यावर दोन तास बोलणे झाले. मंडळावर कोण बसणार, हे मात्र चहा येईपर्यंत उरकले. तेव्हा हात वर करण्याआधी या यादीबद्दल मला थोडे बोलायचे आहे.

यादीत पाच रकाने आहेत. नाव, वय, पत्ता, हुद्दा आणि व्यवसाय. व्यवसायाचा रकाना वाचून पाहा. अकरापैकी दहा नावांपुढे 'शेती' लिहिले आहे. एका बाईंच्या नावापुढे 'गृहिणी' लिहिले आहे. वाचून कोणालाही वाटेल, वा, ही तर खरी शेतकऱ्यांची संस्था!

आता आपण सगळे एकमेकांना ओळखतो, म्हणून मी मोजून सांगतो. त्या दहा 'शेती'वाल्यांत एकाचे बी-बियाणे-औषधांचे दुकान आहे. एक अडत्या आहे. एक ठेकेदार, एक डॉक्टर, एक वकील आणि एक बँकेतून निवृत्त झालेले साहेब. सातवा मी. मी शाळामास्तर होतो, घर पेन्शनवर चालते आणि माझी आठ एकर मी ठोक्याने दिली आहे. मीही 'शेती' लिहिले. उरलेले तिघे असे, की ज्यांच्या घरची चूल पऱ्हाटी आणि ज्वारीवर पेटते. आणि ज्या बाईंपुढे 'गृहिणी' लिहिले आहे, त्या पेरणीपासून निंदण आणि वेचणीपर्यंत वर्षभर शेतात असतात. शेती न करणारे सातजण कागदावर शेतकरी झाले आणि शेती करणारी बाई कागदावरून गेली.

यात कोणी खोटे बोलले असे मी म्हणत नाही. सातबाऱ्यावर नाव आहे, म्हणून शेती लिहिली. आपल्या राज्यात शेतकरी नसलेल्याला सहजासहजी शेतजमीन घेता येत नाही, म्हणून जो तो सातबारा जपून ठेवतो. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, हेही एक कारण आहेच. बाईचे नाव सातबाऱ्यावर नाही, म्हणून ती गृहिणी. संघटनेने १९८६ साली चांदवडला महिलांचे अधिवेशन घेतले आणि पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला, तो याच दुखण्यावर होता. बाईच्या नावावर जमीन करा, असे आपण गावोगाव सांगत फिरलो. आणि आपल्याच यादीत आपण तिला गृहिणी लिहून मोकळे झालो.

काहीजण म्हणतील, मास्तर, एका रकान्याचे एवढे काय घेऊन बसलात? तर हा रकाना आपण काढलेला नाही. संस्था ज्या कायद्याखाली नोंदवायची तो १८६० सालचा, इंग्रज सरकारच्या वेळचा कायदा आहे. संस्थेला निदान सात माणसे लागतात आणि मंडळावरच्या प्रत्येकाचे नाव, पत्ता आणि व्यवसाय लिहून द्यावा लागतो. ही यादी दरवर्षी निबंधकाकडे पुन्हा द्यायची असते. दाखल झालेले कागद कोणालाही फी भरून पाहता येतात. मूळ कायद्यात ही फी एक रुपया होती. दीडशे वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्याला कळत होते, की लोकांच्या नावाने चालणाऱ्या कामावर कोण बसले आहे एवढेच नव्हे, तर तो पोट कशावर भरतो, हेही लोकांना कळले पाहिजे.

ते का कळले पाहिजे, याचा एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या भागात एका संस्थेने कोरडवाहू शेतकऱ्यांना बियाणे वाटायचे ठरवले. संस्थेचे नाव घेत नाही, कारण त्यातली माणसे सज्जन होती. मंडळावर निवृत्त अधिकारी होते, हिशेबतपासनीस होते, एक प्राध्यापक होते. हिशेब चोख. पण मंडळाची मंजुरीची सभा ठरली जूनच्या शेवटी, कारण त्याआधी मागच्या वर्षाची तपासणी पूर्ण होत नव्हती. मग निविदा, मग खरेदी. बियाणे गावात आले तेव्हा आमची पऱ्हाटी वीतभर वर आली होती आणि पहिली डवरणी चालू होती. पाऊस पडला की पेरणीला चार दिवस थांबता येत नाही, हे त्या खोलीत कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. पुस्तकातून सगळ्यांना ठाऊक होते. पण मृग कोरडा गेला तर ज्याच्या पोटात गोळा येतो, असा माणूस त्या खोलीत नव्हता. त्यामुळे कोणी उठून म्हणाला नाही, की तपासणी गेली खड्ड्यात, आधी बियाणे पाठवा.

माणूस वाईट असतो म्हणून चूक होते असे नाही. ज्याचा जो धंदा, तो त्या धंद्याचे प्रश्न विचारतो. हिशेबतपासनीस पावती विचारतो, ठेकेदार सिमेंट विचारतो, प्राध्यापक अहवाल विचारतो. जो प्रश्न कोणाच्याच धंद्यात येत नाही, तो विचारलाच जात नाही.

आपल्या ज्वारीचेच पाहा. १९६४ साली सीएसएच-१ हा संकरित वाण आला. दाणा भरपूर, पण धाट ठेंगणे. एकरी किती क्विंटल दाणा, या हिशेबाने वाण उत्तम होता. पण कोरडवाहू घरात ज्वारी ही अर्धी माणसाची आणि अर्धी बैलाची. कडबा नसेल तर बैल कशावर जगवायचा? दाण्याची किंमत मांडली गेली, कडब्याची मांडली गेली नाही. पुढे शास्त्रज्ञांनीच दाणा आणि कडबा दोन्ही देणारे वाण काढण्याकडे लक्ष दिले. पण पेंढीचा भाव विचारणारा माणूस पहिल्या दिवशीच समोर असता, तर हा प्रश्न पहिल्या दिवशीच पुढे आला असता. उद्या आपली संस्था वाणांच्या चाचण्या घेणार आहे. त्यात कडब्याचे वजन करायचे की नाही, हे मंडळावर कोण आहे त्यावर ठरेल.

आता याची दुसरी बाजू. शिकलेल्या माणसांना हाकलून द्या, असे मी म्हणत नाही. तसे म्हणालो तर ते कृतघ्नपणाचे होईल. प्रवरेचा साखर कारखाना लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर उभा केला आणि अध्यक्ष म्हणून बसवले धनंजयराव गाडगीळांना. गाडगीळ पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक. कारखान्याचे पहिले गाळप १९५० च्या सुमारास झाले. अर्थशास्त्राचा पंडित आणि मातीतला शेतकरी एका टेबलाशी बसले, म्हणून ते काम उभे राहिले. पण भाग शेतकऱ्यांचे होते, हे विसरू नका.

आणंदला १४ डिसेंबर १९४६ रोजी खेडा जिल्ह्याचा दूध संघ नोंदवला गेला. अध्यक्ष त्रिभुवनदास पटेल. वर्गीज कुरियन तिथे १९४९ साली आले, ते इंजिनिअर. संघाने त्यांना पगारावर व्यवस्थापक नेमले. यंत्रे कोणती घ्यायची, हे कुरियन सांगत. दूध कोणाचे आणि पैसा कोणाचा, याचा निकाल दूधवाल्यांनी निवडून दिलेल्या मंडळाकडे. हे दोन्ही सहकारी संघ, आपली संस्था सेवाभावी. नोंदणी वेगळी, पण कोणी कोणत्या खुर्चीवर बसायचे, हा धडा तोच.

आणि घरचेच उदाहरण घ्या. शरद जोशी पोस्ट खात्याचे अधिकारी. स्वित्झर्लंडमध्ये बर्नला, जागतिक टपाल संघात नोकरी. ती सोडून १९७७ साली त्यांनी चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली, स्वतः शेती केली, तोटा सोसला आणि त्याचा हिशेब मांडला. उत्पादनखर्चाचे शास्त्र त्या तोट्यातून आले. नुसत्या नोकरीतल्या शिक्षणाने ते आले नसते आणि हिशेब येत नसता तर नुसत्या तोट्यानेही आले नसते.

म्हणून डॉक्टरसाहेब आपल्याला हवेच आहेत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले. ते पाहिल्यावर डॉक्टर कशाला, असे कोण म्हणेल? वकीलसाहेबही हवेत, बँकेतले साहेबही हवेत. पण त्यांनी 'डॉक्टर', 'वकील', 'निवृत्त बँक अधिकारी' असेच लिहावे. त्यात कमीपणा नाही. उलट उद्या एखादी कंपनी देणगी द्यायला आली, तर तीही पहिल्यांदा हेच पाहील. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर सामाजिक कामासाठी सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्चण्याचे बंधन घातले. तो पैसा आपल्याकडेही येईल. पैसा आला की मंडळावर यायला माणसेही येतील, आणि तीही 'शेती' लिहूनच येतील.

जाणत्यांना किती जागा द्यायच्या, याचे माप कायद्यांत सापडते. सहकारी संस्थांसाठी २०११ च्या घटनादुरुस्तीने संचालक जास्तीत जास्त २१ ठेवले आणि त्याखेरीज दोनच तज्ज्ञ घ्यायला सांगितले. त्या तज्ज्ञांना पदाधिकाऱ्यांच्या निवडणुकीत मत नाही. पुढे २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने राज्यांच्या सहकारी संस्थांपुरता तो भाग रद्द केला, पण माप समजून घेण्यासारखे आहे. शेतकरी उत्पादक कंपनीत तज्ज्ञ संचालक एकूण संचालकांच्या एक पंचमांशाहून जास्त घेता येत नाहीत आणि अध्यक्षाच्या निवडीत त्यांना मत नसते. आपल्या संस्थेच्या कायद्यात असे बंधन नाही. म्हणून ते आपल्या नियमावलीत आपणच घातले पाहिजे.

कोणी म्हणेल, शिकलेली माणसे कमी केली तर कारभार कोणाला जमेल? महाराष्ट्रात संस्थेची नोंद धर्मादाय आयुक्तांकडेही होते. तो कायदा विश्वस्ताकडून काय मागतो? सामान्य शहाणपणाचा माणूस स्वतःच्या मालाची जेवढी काळजी घेईल तेवढी काळजी. पदवी मागत नाही. पाऊस दगा देतो, भाव दगा देतो, तरी दहा एकरांत लेकरे शिकवणाऱ्या माणसापाशी ते शहाणपण नाही, असे कोण म्हणतो? जमाखर्च लिहायला पगारी माणूस ठेवता येईल. तो मंडळाचा नोकर राहील, मंडळावर बसणार नाही.

तेव्हा बैठकीपुढे माझ्या पाच सूचना आहेत.

एक. यादीत व्यवसायाच्या शेजारी आणखी एक रकाना काढावा : 'घरखर्च कशावर चालतो'. तो आपण आपल्या दप्तरात ठेवू आणि दरवर्षी सभेत मोठ्याने वाचू.

दोन. अकरापैकी निदान सात जागा अशा घरांना द्याव्यात, की ज्यांचा घरखर्च कोरडवाहू पिकावर चालतो. त्यांत निदान तीन बायका असाव्यात आणि त्यांच्या नावापुढे 'शेती' लिहावे. सातबारा कोणाच्याही नावाचा असो.

तीन. तज्ज्ञ दोनच घ्यावेत. त्यांनी काय काम करायचे ते लिहून द्यावे, मुदत तीन वर्षे. अध्यक्षाच्या निवडीत त्यांना मत नसावे. बाकीच्या जाणत्यांना सल्ल्यासाठी बोलवावे, मानाने बोलवावे.

चार. ज्या विषयात एखाद्याचा धंदा गुंतला आहे, तो विषय निघाला की त्याने खोलीबाहेर जावे आणि तशी नोंद इतिवृत्तात व्हावी. बियाण्याची चाचणी निघाली की दुकानदार बाहेर, बांधबंदिस्ती निघाली की ठेकेदार बाहेर. आपले दुकानदार भाऊ माझ्याकडे पाहून हसत आहेत, म्हणजे त्यांना हे मान्य दिसते.

पाच. मंडळाची सभा पेरणीच्या आणि वेचणीच्या भरात ठेवू नये. ठेवली तर त्या सभेला कोण मोकळे असेल, हे सांगायला नको.

आता माझ्या नावाबद्दल. यादीत माझ्यापुढे 'शेती' आहे, ते खोडून 'निवृत्त शिक्षक' करा. आणि तसे केले की माझी जागा त्या सातांत बसत नाही. तज्ज्ञ म्हणून मला घ्यावे असे माझ्यापाशी काही नाही. अर्ज लिहायला आणि इतिवृत्ताचे शुद्धलेखन तपासायला मी येत जाईन. त्यासाठी मंडळावर बसायची गरज नाही. ती जागा मोकळी झाली आहे. माझी आठ एकर ज्यांनी ठोक्याने केली आहे, ते नवरा-बायको आज मागच्या ओळीत बसले आहेत. सातबाऱ्यावर दोघांचेही नाव नाही. त्या बाईंचे नाव मी सुचवतो. व्यवसायाच्या रकान्यात काय लिहायचे, ते त्यांनाच विचारा.