कपाटातल्या कॅसेटी

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या स्नेहसंमेलनात एका ज्येष्ठ सभासदांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला पाच मिनिटं दिलीत आणि विषयही त्यांनीच दिलाय : सोसायटीच्या ऑफिसातल्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी. टीव्ही-व्हीसीआर दुरुस्तीत माझं आयुष्य गेलं, म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

१९८२च्या दिल्ली एशियाडच्या वेळी आपल्याकडे रंगीत टीव्ही आला. मग व्हीसीआर आले. भाड्याने मशीन आणून एका रात्रीत तीन-तीन सिनेमे बघणारे इथे बरेच जण बसलेत! पुढे लग्नामुंजीत व्हिडिओवाला आला, आणि त्या कॅसेटी आज आपल्या माळ्यांवर पडून आहेत.

कॅसेट म्हणजे अर्धा इंच रुंदीची प्लॅस्टिकची फीत आणि तिच्यावर चुंबकीय कणांचा लेप. हा लेप हवेतला ओलावा धरतो. बंद कपाटात पावसाळ्यामागून पावसाळे गेले की फितीवर पांढरी बुरशी चढते. कॅसेटच्या काचेतून ती दिसते. अशी कॅसेट मशीनमध्ये घालू नका. हेड तर खराब होतंच, शिवाय बुरशी पुढच्या कॅसेटला लागते.

दुसरी अडचण मशीनची. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली व्हीसीआर बनवणं थांबवलं. त्यानंतर नवं मशीन नाही. सुटा भाग हवा तर दुसरं जुनं मशीन उघडायचं.

कॅसेटची डिस्क करायची तर व्हीसीआरच्या वायरी एका छोट्या उपकरणातून संगणकाला जोडतात. पण तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात. तिथे घाई चालत नाही. ऑफिसात १४ कॅसेटी आहेत. प्रत्येकी तीन तास धरले तर ४२ तास. शेजारी माणूस बसवावा लागतो, कारण फीत कधी अडकेल सांगता येत नाही. साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतं, म्हणजे चांगल्या दर्जाचे साधारण दोन तास. तेव्हा एका कॅसेटला दोन डिस्क.

मागच्या सभेत सूचना आली की, भाषणं आणि सत्कार तेवढे ठेवावेत, बाकीचं कापावं, खर्च वाचेल. सूचना करणाऱ्यांचा मान राखून मी विरोध करतो. तीन कॅसेटी मी तपासायला लावून बघितल्या. भूमिपूजनाच्या कॅसेटमध्ये पाहुण्यांचे हार चालू असताना व्हिडिओवाल्याने कॅमेरा जरा बाजूला फिरवलाय. तिथे आज आपलं पार्किंग आहे. तेव्हा तिथे चिंचेचं झाड होतं, आणि झाडाखाली पाया खणायला आलेल्या बाया बसल्या होत्या, झोळीत पोरं घेऊन. सोसायटीच्या कुठल्याच रजिस्टरात त्यांची नावं नाहीत. त्यांचे चेहरे फक्त या फितीवर आहेत. आणि आपण नेमकं तेवढंच कापणार?

दुसरं. आपल्या पहिल्या अध्यक्षांना जाऊन बरीच वर्षं झाली. गणपतीच्या कॅसेटमध्ये ते मुलांना रांगेत उभं करताना ओरडतायत, जेमतेम दहा सेकंद. त्यांच्या घरी फोटो भरपूर आहेत, आवाज मात्र कुठेच नाही. वहिनींना मी आधी विचारलं, मगच ऐकवलं. त्या म्हणाल्या, ‘भाऊजी, परत लावा.’ असं मी सहा वेळा लावलं.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच की, कॅसेट उतरवायची तर अख्खी उतरवा. डिस्कसुद्धा अमरपट्टा घेऊन आलेली नसते, म्हणून दुसरी प्रत हार्ड डिस्कवर ठेवा आणि ती दुसऱ्या विंगमध्ये ठेवा. मूळ कॅसेट भंगारात देऊ नका. पूर्ण रिवाइंड करून, पुस्तकासारखी उभी, कोरड्या जागी ठेवा.

घरच्या कॅसेटीही आणा. वर नाव, फ्लॅट नंबर आणि प्रसंग लिहा. घरगुती कॅसेट त्या घराच्या परवानगीशिवाय कुणाला दाखवली जाणार नाही. रात्री आठ ते दहा मी ऑफिसात बसेन. सोबतीला दोन तरुण मुलं हवीत, कारण हे मशीन सांभाळायला माझ्यानंतरही कुणाला तरी यायला हवं.

पावसाळ्याला अजून अडीच महिने आहेत. तेवढ्यात होईल.